शॉकअपच्या बोल्टाचा आकडा

मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली



शिमग्याच्या आधीच्या एका रविवारी चिपळूणला आमच्या घरासमोरच्या अंगणात मी आमच्या नऊ वर्षांच्या हॅचबॅकचे मागचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले. मदतीला बारावीत शिकणारी मुलगी होती. सकाळी सातला सुरू केलेले काम जेवणवेळेपर्यंत आटोपले आणि गाडी आता नीट चालते आहे. पण या कामाला लागणारा एक आकडा मला ज्यांच्याकडे मागायला हवा होता त्यांच्याकडून मिळाला नाही. शॉकअपचा खालचा बोल्ट किती जोराने आवळायचा, एवढाच तो आकडा. त्यासाठी हे पत्र लिहिते आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण तो आकडा माझ्या एकटीच्या कामाचा नाही.

कागदोपत्री शॉक अ‍ॅब्सॉर्बर, गॅरेजात शॉकअप. नावामुळे थोडा घोटाळा होतो. धक्का झेलते ती खरे तर स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते, मग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. तिला आवरणारे कुणी नसेल तर गाडी झोपाळ्यासारखी झुलत राहील. शॉकअप आहे तो तिला आवरण्यासाठी. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके आणि झडपा. चाक वरखाली झाले की तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते, आणि उसळीची ताकद तिथेच उष्णता होऊन जिरते. खराब रस्त्यावरून बराच वेळ गाडी चालवून आल्यावर शॉकअपच्या नळीला हात लावला तर ती गरम लागते, ती यामुळेच.

शॉकअप जातो तो मात्र हळूहळू. दट्ट्याचा दांडा जिथून बाहेर येतो तिथले सील झिजते, तेल पाझरते, आतल्या झडपा सैल पडतात. रोज त्याच गाडीत बसणाऱ्याला हा फरक कळत नाही, कारण हात आणि पाठ दोन्ही त्याला सरावतात. आमच्या गाडीचा दोष माझ्या भावाने ओळखला. कराडहून येताना कुंभार्ली घाट उतरत होतो, मागे तीन माणसे आणि डिकीत सामान. वळण संपून रस्ता सरळ झाला तरी गाडीचा मागचा भाग होडीसारखा हेलकावत राहिला. तो म्हणाला, "ताई, मागचे शॉकअप बसलेत." घरी येऊन मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर वजन टाकून सोडले. धड शॉकअप असेल तर गाडी एकदा वर येते आणि थांबते. आमची तीनदा डोलली. टायरवरून तळवा फिरवला तर परिघावर ठरावीक अंतराने खोलगट चट्टे लागले. रस्त्यावर नीट न टेकता, उड्या मारत चाललेल्या चाकाची ती खूण. असे चाक ब्रेक दाबल्यावर रस्त्याला नीट धरत नाही, आणि गाडी जिथे थांबायला हवी त्याच्या पुढे जाऊन थांबते. म्हणून हा आरामापेक्षा जिवाचा प्रश्न आहे.

हे काम मी घरी का केले, तेही सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा आमची गाडी सीटच्या वर बुडाली होती. शहरातल्या शेकडो गाड्यांची तीच गत होती. प्रत्येक गॅरेजासमोर रांग आणि चिखल, आणि बहुतेक मेकॅनिकांची स्वतःची हत्यारेही वाहून गेलेली. महिनाभर वाट पाहण्यापेक्षा मी सीटा काढल्या, गालिचा काढून धुतला, ब्रेकच्या ड्रममधला गाळ खरवडून काढला. माझे वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून पाने हातात देण्याचे काम मी केले होते. ते हातात असलेले ज्ञान पुराने बाहेर काढले. तेव्हापासून गाडीची जी कामे मला जमतात ती मी करते. जी जमत नाहीत ती मेकॅनिककडे नेते आणि तिथे उभी राहून पाहते.

मागचे शॉकअप मला जमणारे काम आहे. आमच्यासारख्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. शॉकअप काढताना स्प्रिंगला हात लावावा लागत नाही, ती गाडीच्या वजनाखाली आपल्या जागी बसून राहते. पुढची गोष्ट वेगळी. पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात गुंफलेले असतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ती रचना ओळखली जाते. तिथे वरचा मोठा नट सोडण्याआधी स्प्रिंग खास साधनाने दाबून धरावी लागते. ते न करता नट सोडला तर दबलेली स्प्रिंग सुटते आणि समोरच्या माणसाचा जीव घेऊ शकते. पुढचे काम मी घरी करत नाही, आणि योग्य साधन व ते वापरायची सवय नसलेल्या कुणीही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सुटे भाग आणायला गेले तिथे पहिली अडचण आली. जिथे आमची गाडी नियमित सर्व्हिसिंगला जात असे, त्या कार्यशाळेच्या काउंटरवर मला सांगण्यात आले की शॉकअप हवेत तर गाडी इथेच लावा, नुसता माल देत नाही. मजुरीसह जो आकडा सांगितला तो मालाच्या किमतीच्या दुपटीहून जास्त होता. पैशांचे मला फारसे वाटले नाही, मजुरी हा कुणाच्या तरी कष्टाचा मोबदला आहे. पण छापील किमतीची वस्तू पैसे मोजून मागितल्यावर ती न देण्याचे कारण मला कुणी सांगू शकले नाही. मग मी विचारले, बोल्टाचा टॉर्क, म्हणजे तो आवळण्याचा जोर, किती? उत्तर आले की ती माहिती बाहेर देता येत नाही.

शॉकअप शेवटी बाजारपेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात मिळाले, चांगल्या भारतीय कंपनीचे, खोक्यावर मॉडेल आणि वर्ष छापलेले. आपल्या राज्यात चाकणला, नाशिकला शॉकअपचे कारखाने आहेत. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ पासून आपल्याकडे ते बनवते आहे. माल आपल्या माणसांच्या हातून तयार होतो. तो बसवायचा कसा, हे मात्र खोक्यावरही नव्हते, आत चिठ्ठीतही नव्हते.

आता कामाविषयी थोडे सविस्तर लिहिते. आकड्याचे महत्त्व त्याशिवाय कळणार नाही.

आदल्या रात्री खालच्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले. कोकणातली हवा आणि वर पुराचे पाणी, बोल्ट सहज सुटेल अशी आशाच नव्हती. सकाळी गाडी सिमेंटच्या पट्टीवर घेतली, कारण मातीच्या अंगणात जॅक रुततो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली. आमच्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. तीच चाके उचलल्यावर हँडब्रेक ओढलेला असो वा नसो, गाडी धरून ठेवायला त्याचा उपयोग राहत नाही. मुलीला मी हे आधी समजावले, मग तिच्याकडून परत म्हणवून घेतले. गाडी उचलून तिच्या खाली लोखंडी स्टँड लावले, कंपनीने ठरवून दिलेल्या जागी. आमच्याकडे स्टँडऐवजी जांभ्याचा चिरा लावायची पद्धत आहे. कृपा करून कुणी लावू नये. जांभा दगड भिंतीत भार सोसतो, पण एका टोकावर गाडीचे वजन आले की तो कुठल्याही क्षणी फुटतो, आणि त्या क्षणी खाली माणूस असतो.

दुसरा जॅक मागची दोन चाके जोडणाऱ्या बीमखाली, जिथे शॉकअपचा पाय बसतो त्याच्या जवळ लावला. शॉकअप काढला की त्या बाजूचा बीम खाली लोंबतो, ब्रेकच्या नळीला ताण बसतो आणि स्प्रिंग जागा सोडू शकते. म्हणून एका वेळी एकच बाजू. वरचा नट डिकीत प्लॅस्टिकच्या झाकणाखाली होता. तो फिरवला तर आतला दांडाच फिरू लागला. दांड्याच्या टोकाला खाच असते, ती मुलीने अ‍ॅलन कीने धरून ठेवली आणि मी पान्याने नट फिरवला. काही जण अशा वेळी चिमट्याने दांडा पकडतात. दांडा चकचकीत घासलेला असतो, त्यावर एक ओरखडा पडला की तोच ओरखडा प्रत्येक फेरीत सील कापत राहतो आणि शॉकअप काही महिन्यांत गळू लागतो.

डाव्या बाजूचा जुना शॉकअप खालपर्यंत तेलाने ओला होता, तेलावर धूळ बसून काळी साय धरलेली. उजवा वरून कोरडा होता. मुलगी म्हणाली, "आई, हा चांगला दिसतोय, ठेवायचा का?" मी तो तिच्या हातात दिला आणि दाबायला सांगितले. पहिले दोन इंच तो अडथळ्याशिवाय आत गेला आणि आतच राहिला. म्हणून शॉकअप जोडीने बदलायचे. एक बाजू घट्ट आणि दुसरी ढिली झाली तर वळणावर गाडी दोन्ही बाजूंना वेगवेगळी वागते.

नवे शॉकअप दुकानात महिनोन्महिने आडवे पडलेले असतात आणि आतल्या तेलात हवा मिसळलेली असू शकते. बसवण्याआधी उभे धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून पूर्ण ओढले. पहिल्या दोन खेपांना मध्येच पोकळ लागले, मग सगळीकडे सारखा जोर लागू लागला. ते बसवायला जुने काढण्याच्या निम्माही वेळ लागला नाही.

आणि मग खालचा बोल्ट.

शॉकअपच्या खालच्या डोळ्यात रबरी बुश असते. रबराच्या आत एक पोलादी नळी, त्या नळीतून बोल्ट जातो. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी जाम होते. चाक वरखाली होताना नळी फिरत नाही, रबर पिळले जाते आणि परत सरळ होते. आता गाडी जॅकवर आहे, बीम खाली लोंबतो आहे आणि त्याच अवस्थेत कुणी बोल्ट पक्का आवळला, तर रबराची सरळ स्थिती तीच ठरते. गाडी चाकांवर उतरली की रबर कायमचे पिळलेले राहते, गाडी उभी असतानाही. ते लवकर फाटते आणि डिकीखालून ठक-ठक आवाज सुरू होतो. मालकाला वाटते शॉकअपच खराब निघाला. पुरानंतर एका गॅरेजात आमच्या गाडीचे असेच झाले होते. म्हणून बोल्ट आधी हलका लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीनदा दाबून बसू द्यायची, आणि मग खाली हात घालून शेवटचे आवळायचे.

पण किती? कमी आवळला तर नळी सरकते आणि बोल्टाचे भोक मोठे होते. जास्त आवळला तर आटे ताणले जातात, बीमला जोडलेला नट मोडतो. मग साध्या बोल्टाचे काम वेल्डिंगवर जाते. माझ्याकडे टॉर्क पाना आहे. गाडीच्या पुस्तिकेत चाकाच्या नटांचा टॉर्क छापलेला आहे, शॉकअपचा नाही. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा शिक्का होता, जाडी १२ मिलिमीटर. सर्वसाधारण तक्त्यांत अशा बोल्टाला ८० ते ९० न्यूटन-मीटरच्या आसपास सांगितले जाते. पण तो तक्ता बोल्टापुरता आहे. माझ्या गाडीतली नळी, तो नट, ते भोक यांचा विचार करून कंपनीच्या अभियंत्याने ठरवलेला आकडा वेगळा असू शकतो. तो ठरवलेला आहे, छापलेला आहे, कंपनीच्या कार्यशाळेतल्या पुस्तकात आहे. मी तक्त्यातला खालचा आकडा घेतला, बोल्टावर आणि नटावर एका रेषेत रंगाचा ठिपका दिला आणि दोनशे किलोमीटरनंतर रेषा तुटली नाही ना ते पाहिले. तुटली नव्हती. तरी हे अंदाजाने केलेले काम आहे, आणि जिथे खरा आकडा अस्तित्वात आहे तिथे अंदाजाने काम करावे लागणे मला मान्य नाही.

महोदय, ही मागणी मी हवेतून आणलेली नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५०० कोटींहून अधिक रुपयांचा दंड ठोठावला होता, तो एका गाडीमालकाच्या तक्रारीवरून. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत, हा त्यातला मुद्दा होता. सुट्या भागांच्या किमती, ते काउंटरवर मिळण्याची सोय आणि त्याच दर्जाचे पर्याय संकेतस्थळावर जाहीर करा, असे आयोगाने त्या आदेशात सांगितले. प्रकरण पुढे अपिलात गेले. मुद्दा मात्र तेव्हाच मांडला गेला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा, प्रमाण, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. आणि जुलै २०२२ मध्ये तुमच्याच विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत वाहने होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टल सुरू झाले.

बाहेर हे आधीच झाले आहे. युरोपीय संघात २००७ च्या नियमापासून स्वतंत्र गॅरेजांना कंपनीची दुरुस्ती-माहिती मिळते. फुकट नव्हे, माफक शुल्क घेऊन, तासाच्या किंवा दिवसाच्या हिशेबाने. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मतदारांच्या कौलाने तसा कायदा केला. ब्रिटनमध्ये तर जॉन हेन्स या माणसाने १९६० च्या दशकात गाड्या स्वतः सुट्या करून, परत जोडून, प्रत्येक पायरीचे फोटो काढून पुस्तके काढली आणि ती घरोघरी पोहोचली. त्या पुस्तकांत महत्त्वाच्या बोल्टांचे टॉर्क असतात. आपल्याकडे आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मराठीतून शिकलेली मुले आहेत. त्यांच्या हातात एखाद्या मॉडेलचे असे मराठी पुस्तक मी आजवर पाहिलेले नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे: लोकांनी घरी ब्रेक-शॉकअप उघडले तर अपघात होतील. पण माहिती बंद ठेवून दुरुस्त्या थांबत नाहीत. वॉरंटी संपलेली गाडी नाक्यावरच्या गॅरेजात जाते, आणि तिथला माणूस वीस वर्षांच्या हातावर, आठवणीवर काम करतो. मी त्यांच्याकडे अनेकदा उभी राहिले आहे. त्यांचा हात चांगला आहे, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. पण प्रत्येक नव्या मॉडेलचा बोल्ट वेगळा असतो, आणि हाताला नवा आकडा आपोआप कळत नाही. पुढची स्प्रिंग दाबल्याशिवाय नट सोडू नका, बोल्ट चाकांवर वजन आल्यावरच आवळा, ही वाक्ये गाडीच्या पुस्तिकेत ठळक छापलेली असती तर अपघात वाढले असते की कमी झाले असते, हे आपणच पाहावे. काउंटरवर अस्सल माल मिळत नाही म्हणून नकली मालाचे दुकान चालते, तो धोकाही याच हिशेबात धरावा.

मला जे हवे आहे ते थोडे आहे. दुरुस्तीच्या हक्काच्या त्या पोर्टलवर प्रत्येक मॉडेलखाली एक पान असावे. सगळे इंजिन उघडून दाखवू नका. फक्त ज्या गोष्टी झिजतात आणि प्रत्येक गाडीत बदलाव्याच लागतात त्यांचे: शॉकअप, ब्रेक पॅड, ड्रममधले शू, बेल्ट, बॅटरीचे क्लँप. त्या प्रत्येकाच्या बोल्टाचा टॉर्क, तो कोणत्या स्थितीत आवळायचा, आणि जिथे जिवाला धोका आहे तिथे स्पष्ट इशारा. ते पान मराठीत असावे, तमिळमध्ये, बंगालीत असावे. आणि छापील किंमत मोजणाऱ्या ग्राहकाला सुटा भाग काउंटरवर मिळालाच पाहिजे, गाडी तिथे लावण्याची अट न घालता. २०२४ मध्ये तुमच्या विभागाने मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी दुरुस्ती किती सोपी आहे हे मोजण्याची चौकट आखायला समिती नेमली. ती मोजपट्टी मोटारींनाही लावावी.

जुने दोन शॉकअप अजून अंगणात पडले आहेत. भंगारवाल्याला देताना त्याला सांगणार आहे की आत तेल आहे आणि दाबाखाली वायूही असू शकतो, कापू नकोस, जाळू नकोस. तेही मला कुठे छापलेले दिसले नाही.

पावसाळ्यानंतर गाडीचे पुढचे शॉकअप बदलायचे आहेत. ते काम मी नाक्यावरच्या मेकॅनिकला देणार आहे. त्याच्याकडे स्प्रिंग दाबायचे साधन आहे आणि ते वापरायचा सराव आहे. वरच्या नटाचा आणि खालच्या दोन बोल्टांचा टॉर्क त्याच्याकडे नाही, तो मला विचारत होता. तोपर्यंत आपल्याकडून ते पान आले तर मी ते छापून त्याच्या भिंतीवर लावीन.

आपली नम्र,
चिपळूणची एक गाडीमालक